दिलेला शब्द

अवयवदानाविषयी आपल्या धर्मग्रामांत आता बरेच बोलले जाते. प्रवचनांतून, युवकांच्या शिबिरांतून, मिस्सानंतर वाटल्या जाणाऱ्या पत्रकांतून हा विषय आपल्या घरांपर्यंत पोहोचला आहे आणि ही समाधानाची गोष्ट आहे. मात्र या सर्व बोलण्याचा रोख एकाच वाक्याकडे असतो: मरणोत्तर दान करणे हे थोर कृत्य आहे. ते वाक्य खरे आहे, पण अपुरे आहे. ज्याचे अवयव घ्यावयाचे तो त्या घटकेला बोलू शकत नाही. त्याच्या वतीने ज्यांनी बोलावयाचे ते आईवडील नुकतेच कोसळलेले असतात. अशा माणसांसमोर खुर्ची ओढून बसावे लागते आणि काही तासांच्या आत त्यांना एक प्रश्न विचारावा लागतो. तो कोणी विचारावयाचा, कोणत्या शब्दांत विचारावयाचा आणि उत्तर ‘नाही’ असे आले तर काय करावयाचे? पत्रकांत या प्रश्नांना जागा नसते. मेलिस द केरांगाल या फ्रेंच लेखिकेने आपली एक संपूर्ण कादंबरी याच प्रश्नांवर उभी केली आहे. आपल्या वाचकांना तिचा परिचय करून द्यावा आणि तिचे मूल्यमापनही करावे, असे आम्हास वाटले.

‘रेपारे ले व्हिव्हां’ ही कादंबरी २०१४ साली फ्रान्समध्ये प्रसिद्ध झाली. आम्ही ती ‘मेंड द लिव्हिंग’ या जेसिका मूर यांच्या इंग्रजी भाषांतरातून वाचली. आरोग्य आणि वैद्यक यांच्याशी निगडित साहित्यकृतींसाठी असलेले ब्रिटनमधील वेलकम पारितोषिक या भाषांतरास २०१७ साली मिळाले. शीर्षकाचा अर्थ, जिवंतांना सांधणे. चेखॉव्हच्या ‘प्लातोनोव’ या नाटकातील एका उद्गारावरून ते घेतलेले आहे. आपत्तीनंतर मागे उरलेल्यांनी काय करावयाचे, याचे उत्तर त्या उद्गारात आहे. त्यात एक कर्तव्य मृतांविषयीचे आहे आणि दुसरे जिवंतांविषयीचे. लेखिकेने शीर्षकासाठी दुसरे कर्तव्य उचलले असले तरी कादंबरीभर ती पहिल्याला विसरलेली नाही. आमच्या मते या कृतीचे सारे बळ तेथेच आहे.

कथानक चोवीस तासांचे आहे. फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरील ल हाव्र या बंदराच्या परिसरात हिवाळ्यातील एका पहाटे तीन तरुण मित्र लाटांवर स्वार होण्याचा खेळ खेळावयास जातात. परतताना त्यांची गाडी रस्ता सोडून आदळते. पुढच्या बाकावर तिघे बसलेले असतात आणि पट्टे दोनच असतात. पट्टा नसलेला सिमों लँब्र हा विशीच्या उंबरठ्यावरचा मुलगा मेंदूच्या आघाताने जातो. त्याचे हृदय मात्र यंत्राच्या साह्याने धडधडत राहते. त्याची आई मारियान आणि वडील शॉन विभक्त राहतात. घरात लू ही धाकटी बहीण आहे, आणि सिमोंचे जिच्यावर प्रेम आहे ती ज्युलिएट आहे. शॉन होड्या बांधणारा आहे. समुद्राची ओढ मुलाला त्यानेच लावलेली, त्यामुळे अपराधाची सल त्याला आतून पोखरत राहते. दुसरीकडे पॅरिसमध्ये क्लेर मेजां ही पन्नाशी ओलांडलेली भाषांतरकार स्त्री नव्या हृदयाच्या प्रतीक्षेत दिवस काढीत आहे. या दोन टोकांना जोडणारा माणूस म्हणजे थोमा रेमीज. तो शिक्षणाने परिचारक आहे आणि ल हाव्रच्या इस्पितळात अवयवदानाच्या समन्वयाचे काम पाहतो.

आपल्याकडील इस्पितळांत परिचारिकेला ‘सिस्टर’ म्हणतात आणि पुरुष परिचारकाला ‘ब्रदर’. हे शब्द कोठून आले हे आपल्या वाचकांस सांगावयास नको. वैद्यकावरील कथा-कादंबऱ्यांत या ‘ब्रदर-सिस्टर’ मंडळींच्या वाट्याला बहुधा तापमान मोजण्याचे आणि पडदे सरकवण्याचे काम येते. गौरवाचा धनी असतो तो शल्यविशारद. प्रत्यारोपणाचा इतिहासही तसाच लिहिला गेला आहे. १९६७ सालच्या डिसेंबरात केप टाऊन येथे डॉ. ख्रिस्तिआन बर्नार्ड यांनी माणसाच्या हृदयाचे पहिले प्रत्यारोपण केले. दोनच महिन्यांनी, १९६८ च्या फेब्रुवारीत, मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी तसा प्रयत्न केला. ही नावे इतिहासात राहिली आणि ते योग्यच आहे. परंतु त्या त्या रात्री मृताच्या आप्तांसमोर कोण बसले होते, हे कोणी लिहून ठेवले नाही. केरांगाल यांनी केंद्र बदलले. त्यांच्या कादंबरीतही नामांकित शल्यविशारद आहेत, पण वाचकाच्या मनात घर करतो तो परिचारक.

थोमाचे व्यक्तिचित्र लेखिकेने मायेने रेखाटले आहे. तो तिशीच्याही अलीकडचा आहे. तत्त्वज्ञानाची त्याला ओढ आहे, आणि तो गातो. अल्जिअर्सहून बरीच किंमत मोजून आणलेला एक गोल्डफिंच पक्षी त्याच्या घरी आहे. प्रथम हे सारे सजावटीसारखे वाटते. पुढे कळते की गाणे हे त्याच्या कामाशी जोडलेले आहे. ज्याला आवाज कसा लावावा, कोठे थांबावे आणि श्वास कोठे घ्यावा हे ठाऊक आहे, तोच या कामातील शब्द उच्चारू शकतो. आईवडिलांसमोर बसताना थोमा एकेक शब्द तोलतो, शांततेला घाबरत नाही, आणि त्यांना घाई करीत नाही.

या कादंबरीचा गाभा आम्हास तीन प्रसंगांत दिसतो. त्यांचा क्रमाने विचार करू.

पहिला प्रसंग त्या संवादाचा. मेंदूमृत्यूची कल्पना सामान्य माणसाला पेलणे फार कठीण आहे. १९५९ साली पॅरिसमधील मोलारे आणि गुलों या दोन वैद्यांनी कोम्याच्याही पलीकडच्या एका अवस्थेचे वर्णन केले. त्या अवस्थेत मेंदूचे कार्य कायमचे संपलेले असते आणि केवळ यंत्राच्या श्वासामुळे हृदय चालत असते. कादंबरीतील डॉक्टर रेव्होल यांचा जन्मही लेखिकेने नेमका त्याच वर्षी घडवून आणला आहे. शतकानुशतके माणसाने मृत्यू ओळखला तो थांबलेल्या श्वासावरून आणि थंड पडलेल्या हातावरून. येथे तर छाती वरखाली होत आहे, गाल उबदार आहेत, आणि मुलगा गेला आहे असे सांगितले जात आहे. आपल्या कुटुंबांतही अशा वेळी पहिला प्रश्न हाच येतो: हृदय चालू आहे, मग गेला कसा?

रेव्होल आणि थोमा या प्रश्नाला बगल देत नाहीत. मृत्यूची वार्ता आणि दानाचा प्रश्न या दोन गोष्टी ते एका दमात उरकत नाहीत. आधी सत्य, मग त्या सत्याला पचावयास अवधी, आणि त्यानंतर प्रश्न. प्रश्नाची घडणही पाहण्यासारखी आहे. ‘तुम्ही द्याल का?’ असे विचारले जात नाही. सिमों असता तर त्याची इच्छा काय असती, त्याने कधी याविषयी काही बोलून दाखवले होते का, याचा शोध घेतला जातो. म्हणजे आईवडिलांच्या शिरावर मुलाच्या देहाचा निवाडा टाकला जात नाही. त्यांना मुलाचा आवाज होण्यास बोलावले जाते. शॉनचा पहिला उद्रेक नकाराचा आहे. तो संतापतो, आणि थोमा तो संताप अंगावर घेतो. पुढे दोघे इस्पितळाबाहेर निघून जातात. पलीकडे प्रतीक्षायादीवरील माणसे मृत्यूशी झगडत आहेत आणि घड्याळ पुढे सरकत आहे, तरी थोमा त्यांना जाऊ देतो. या दोघांना दाराबाहेर जाऊ देणे, ही आम्हास त्या संवादातील सर्वांत मोठी कृती वाटते.

ते होकार घेऊन परततात, पण तो सर्वस्वी होकार नसतो. हृदय, मूत्रपिंडे, फुप्फुसे, यकृत यांना संमती आहे, डोळ्यांना नाही. डोळे द्यावयाचे नाहीत, असे आई सांगते. मराठी वाचक येथे थबकेल. आपल्याकडे नेत्रदानाची चळवळ जुनी आहे. डोळे देऊ पण बाकीचे काही नको, असे म्हणणारीच घरे आपण अधिक पाहिली आहेत. मारियानचे मन उलट चालते. ज्या डोळ्यांनी मुलाने तिच्याकडे पाहिले ते तिला कोणाला द्यावेसे वाटत नाहीत. प्रत्यारोपणासाठी डोळ्यातील पारदर्शक पटल तेवढे लागते, हे सांगून तिचे मन वळवण्याचा प्रयत्न करता आला असता. थोमा वाद घालीत नाही. तो तिचा नकार टिपून घेतो.

या लहानशा नकाराचे महत्त्व समजण्यासाठी फ्रान्सचा कायदा ध्यानी घ्यावयास हवा. १९७६ सालच्या काय्याव्हे कायद्याने तेथे गृहीत संमतीचे तत्त्व आणले. ज्याने हयातीत नकार नोंदवला नाही त्याची संमती आहे असे मानावे, असा त्याचा अर्थ. २०१७ च्या आरंभापासून हे तत्त्व अधिक ठामपणे अमलात आले. म्हणजे कायद्याच्या काटेकोर दृष्टीने पाहता सिमोंचे मौन हाच होकार ठरला असता. थोमा मात्र त्या मौनावर हात ठेवून पुढे जात नाही. कायद्याने जे गृहीत धरले ते तो पुन्हा मागतो, आणि मागितल्यावर अर्धे उत्तर नकाराचे आले तर तेही स्वीकारतो. आमच्या मते येथे ही कादंबरी एक फार मोठी गोष्ट सांगून जाते. ज्याला ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक नव्हती त्याचे ‘हो’ हे दान होत नाही. डोळ्यांविषयीचा तो ‘नाही’ राखला गेला, म्हणून हृदयाविषयीचा ‘हो’ खरा ठरला.

ख्रिस्तसभेची शिकवण याहून वेगळी नाही. बाराव्या पायस यांनी १९५६ साली नेत्रपटलाच्या प्रत्यारोपणासंबंधी बोलताना मृतदेहाचा आदर आणि आप्तांच्या भावना यांची आठवण करून दिली होती. दुसरे जॉन पॉल यांनी १९९५ सालच्या ‘एव्हांजेलियुम व्हिते’ या परिपत्रकात नैतिक मर्यादा पाळून केलेल्या अवयवदानाची गणना दैनंदिन जीवनातील शौर्यात केली. २००० सालच्या ऑगस्टमध्ये रोम येथे प्रत्यारोपण-तज्ज्ञांच्या परिषदेसमोर बोलताना त्यांनी मेंदूच्या सर्व कार्याची संपूर्ण आणि कायमची समाप्ती हा मृत्यूचा निकष, तो काटेकोरपणे लावला असता, मानवाविषयीच्या योग्य विचाराशी विसंगत नाही असे सांगितले. त्याच भाषणात त्यांनी माहिती देऊन घेतलेल्या संमतीचा आग्रह धरला. कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथही मरणोत्तर दानाला उदात्त म्हणतो, आणि स्पष्ट संमतीवाचून केलेल्या प्रत्यारोपणाला अमान्य ठरवतो. धर्माचा शब्दही न उच्चारता थोमा त्या शिकवणीनेच वागतो.

दुसरा प्रसंग आम्हास सर्वांत सूक्ष्म वाटला. अतिदक्षता विभागात कॉर्देलिया औल ही नवखी परिचारिका सिमोंची शुश्रूषा करीत आहे. काम करता करता ती त्याच्याशी बोलते. आता हे करते, आता ते करते, असे त्याला सांगत राहते. कोणत्याही शुद्ध हरपलेल्या रुग्णाशी असेच बोलावे, असे चांगल्या परिचारिकेला शिकवलेले असते. पण आईवडील तेथे उभे आहेत. मुलगा गेल्याचे त्यांना नुकतेच सांगितले गेले आहे, आणि समोर एक मुलगी तो ऐकत असल्यासारखी त्याच्याशी बोलत आहे. त्यांच्या मनात आशेची तिरीप शिरते, आणि ती आशा खोटी आहे. कॉर्देलियाचे मन कोमल आहे यात शंका नाही. तरीही तिच्या कोमलपणाने त्या दोघांची वेदना दुप्पट केली.

वाचक म्हणेल, मग मृताशी बोलणे चूकच का? याचे उत्तर तिसऱ्या प्रसंगात मिळते. आईवडिलांनी थोमाकडे एक मागणी केलेली असते. मुलाचे हृदय थांबवण्यापूर्वी त्याला सांगावे की आम्ही दोघे, लू, त्याची आजी आणि ज्युलिएट, सर्व तुझ्याजवळ आहोत. आणि समुद्राचा आवाज त्याच्या कानी घालावा. शस्त्रक्रियागृहात निरनिराळ्या शहरांतून आलेले शल्यविशारद सज्ज आहेत. प्रत्येकाला परतीची घाई आहे, कारण काढलेले हृदय चारेक तासांच्या आत दुसऱ्या देहात धडधडावयास हवे. त्या घाईत थोमा सर्वांना थांबवतो. तो सिमोंच्या कानात ती नावे सांगतो, कानाला ध्वनियंत्र लावतो आणि लाटांचा आवाज सुरू करतो. मग काम पुढे चालू होते.

सिमों ऐकत नाही हे थोमाला पक्के ठाऊक आहे. आईवडिलांनाही ते आता उमगलेले आहे. मग कॉर्देलियाचे बोलणे आणि थोमाचे बोलणे यांत फरक कोणता? कॉर्देलियाच्या शब्दांनी मृत्यू झाकला गेला, थोमाचे शब्द मृत्यू मान्य करून उच्चारलेले आहेत. त्याच्या बोलण्यामागे दिलेला शब्द आहे. ज्याच्याकडून आता आभार, तक्रार, साक्ष काहीच येणार नाही, त्याच्या बाबतीत दिलेला शब्द पाळणे, ही निष्ठेची कसोटी होय. आईवडील तेथे नाहीत. थोमाने तो विधी टाळला असता तर त्यांना कधीच कळले नसते. करुणा म्हणजे हळवेपणा, हा समज आपल्याकडे फार रुजलेला आहे. तो दूर करण्यास हे दोन प्रसंग शेजारी ठेवून वाचणे पुरेसे आहे. करुणेला सत्य लागते आणि निष्ठा लागते. सत्य सोडून दिलेला धीर ही फसवणूक ठरते.

याच प्रसंगाचा उत्तरार्ध देहाच्या शुश्रूषेचा आहे. अवयव घेऊन मंडळी निघून जातात. विमान, रुग्णवाहिका, दूरध्वनी यांची धावपळ दुसरीकडे सुरू होते. थोमा मागे राहतो. देह नीट शिवला जावा, त्याला त्याचे रूप परत मिळावे, याकडे तो लक्ष देतो, त्याला स्नान घालतो आणि गातो. प्राचीन ग्रीकांच्या वीरमरणाच्या कल्पनेशी लेखिकेने हा प्रसंग जोडला आहे. आम्हास मात्र तेथे अरिमथाईकर योसेफ आणि निकदेम आठवले. शिष्यांची पांगापांग झालेली असताना प्रभूचा देह क्रुसावरून उतरवून घेणारे, तागाच्या वस्त्रात गुंडाळणारे ते दोघे. थोमा हे नाव लेखिकेने कोणत्या हेतूने निवडले ते आम्ही सांगू शकत नाही. परंतु जखमांना हात लावल्यावाचून ज्याचे समाधान होईना त्या प्रेषिताचे हे नाव आहे, हे कॅथलिक वाचकाच्या नजरेतून सुटणार नाही.

त्याहूनही जवळचा दाखला तोबीतच्या ग्रंथाचा. तोबीत हा निनवे नगरीत बंदिवासात असलेला भाविक माणूस. रस्त्यावर आपल्या बांधवाचे प्रेत पडले आहे असे कळताच तो समोरचे ताट तसेच सोडून उठतो आणि त्याला मूठमाती देतो. त्यापायी शेजारी त्याची टर उडवतात. पुढे त्याला अंधत्व येते, आणि राफाएल दूताच्या मार्गदर्शनाने त्याला दृष्टी परत मिळते. मृतांची मूठमाती आणि जिवंतांचे आरोग्य ही दोन कृत्ये पवित्र शास्त्राने एकाच कथेत गुंफली आहेत. आजाऱ्यांचा समाचार घेणे आणि मृतांस पुरणे, ही दोन्ही दयेची कृत्ये आपण लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात एकाच यादीत पाठ केली. प्रत्यारोपणाच्या युगात ती एकाच खोलीत, एकाच रात्री आणि एकाच माणसाला करावी लागतात.

आता उणिवांकडे वळू. केरांगाल यांची वाक्ये फार लांब आहेत. एकेक वाक्य पानभर चालते, त्यात वैद्यकाची परिभाषा, समुद्राची परिभाषा आणि रोजची बोली एकत्र वाहतात. ज्या ठिकाणी दुःखाचा लोंढा आहे तेथे ही शैली शोभते. मारियानला बातमी कळते त्या पानांवर वाचकाचाही श्वास कोंडतो. पण शल्यविशारदांची घराणी, त्यांची प्रेमप्रकरणे, त्या रात्रीचा फुटबॉलचा सामना यांनाही तोच भरजरी पोशाख चढवलेला आहे, आणि तेथे तो जड होतो. क्लेरचे चित्र तुलनेने फिकट उतरले आहे. ज्याचे आभार मानता येणार नाहीत अशा माणसाचे हृदय आपल्या छातीत येणार, ही तिची अस्वस्थता लेखिकेने हेरली आहे. ती आणखी खोल नेता आली असती. थोमाही थोडा अधिकच निर्दोष आहे. हे काम वर्षानुवर्षे करणाऱ्याला थकवा येतो आणि मन बधिर होते; त्याची सावली या चित्रावर पुरेशी पडलेली नाही.

आणखी एक उणीव आहे, आणि ती आम्ही श्रद्धावंत म्हणून नोंदवतो. या कादंबरीत मृतासाठी गाणे आहे, प्रार्थना नाही. देहाचा इतका आदर करणारी लेखिका त्या देहाचे पुढे काय, हा प्रश्न उपस्थित करीत नाही. आपल्या घरांत तर तोच प्रश्न भीती होऊन बसलेला असतो: देह अपुरा पुरला तर पुनरुत्थानाच्या दिवशी काय? याचे उत्तर कादंबरीत शोधू नये, ते आपल्या श्रद्धेत आहे. समुद्रात बुडालेल्या नाविकाला आणि अग्नीत भस्म झालेल्या हुतात्म्याला जो उठवील, त्याला एका हृदयाची उणीव अडवणार नाही. पुनरुत्थित ख्रिस्ताच्या देहावर जखमा होत्या आणि त्या जखमाच त्याची ओळख ठरल्या. प्रेमापोटी दिलेल्या देहाच्या खुणा लपवण्याजोग्या नसतात.

या कादंबरीवर कातेल कियेव्हेरे यांनी २०१६ साली चित्रपट केला, आणि ताहार रहीम यांनी त्यात थोमाची भूमिका केली. याच विषयाशी नाते सांगणारा पेद्रो अल्मोदोव्हार यांचा १९९९ सालचा ‘तोदो सोब्रे मि माद्रे’ हा स्पॅनिश चित्रपटही आहे. त्यातील मानुएला ही माद्रिदच्या इस्पितळात अवयवदानाचा समन्वय पाहणारी परिचारिका. आप्तांशी कसे बोलावे याच्या प्रशिक्षणात ती शोकाकुल स्त्रीची भूमिका करते, आणि लवकरच स्वतःच्या मुलाच्या मृत्यूनंतर खरोखर त्या खुर्चीत बसते. पुढच्या चित्रपटातील जग आपल्या सर्व वाचकांना मानवेलच असे नाही, पण आरंभीचा तो भाग विलक्षण आहे. ज्या वाक्यांचा सराव केला ती वाक्ये आपल्यालाच ऐकावी लागतात तेव्हा त्यांतील कोणती खरी होती, हे कळते.

आपल्या देशाचा कायदा फ्रान्सच्या कायद्याहून वेगळा आहे. १९९४ सालच्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने मेंदूमृत्यूला मान्यता दिली. चार वैद्यांच्या मंडळाने किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करून तो प्रमाणित करावयाचा असतो. गृहीत संमती आपल्याकडे नाही. व्यवहारात जवळच्या नातेवाइकांच्या लेखी संमतीवाचून पुढे जाता येत नाही. २०११ सालच्या दुरुस्तीने प्रत्यारोपण करणाऱ्या रुग्णालयांत समन्वयकाची नेमणूक आवश्यक ठरली. म्हणजे आपल्या कुटुंबांवर तशी वेळ आली तर समोर कोणी ‘थोमा’ बसलेला असेल. आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी मुली आणि आता मुलगेही या सेवेत आहेत, तेव्हा तो आपल्यातलाच कोणी असण्याचाही संभव आहे.

त्या वेळी आप्त मंडळी धर्मगुरूलाही बोलावतात. कधी कुटुंब म्हणते, फादर, तुम्हीच सांगा. कधी इस्पितळालाही वाटते की फादरनी एक शब्द टाकावा. या कादंबरीने आमच्या मनात एक गोष्ट पक्की केली. धर्मगुरूने तेथे इस्पितळाची वकिली करू नये, आणि भीतीचीही करू नये. ख्रिस्तसभा काय शिकवते ते स्वच्छ सांगावे, मृतासाठी प्रार्थना करावी, आणि निर्णय ज्यांचा आहे त्यांना दाराबाहेर जाऊन येण्याइतका अवकाश द्यावा. होकार आला तर तो आशीर्वादित करावा. नकार आला तर त्या कुटुंबाच्या कपाळी कंजूषपणाचा शिक्का मारू नये. ज्याचे दान नाकारण्याचे स्वातंत्र्य आपण जपतो, त्याच्याच दानाला आपण पुण्य म्हणू शकतो.

आमची वाचकांना शिफारस आहे की ज्यांना इंग्रजी वाचन सुलभ आहे त्यांनी ही कादंबरी जरूर वाचावी. लांब वाक्यांनी खचून जाऊ नये. पहिली पन्नास पाने ओलांडली की तिची लय अंगवळणी पडते. ज्यांना ती वाचणे शक्य नाही त्यांनी तिच्यातील एवढे घ्यावे: कुटुंबातील सर्व सुखरूप असताना, जेवणाच्या ताटावर, आपली इच्छा एकमेकांना सांगून ठेवावी. सिमोंच्या आईवडिलांना मुलाच्या मनातले ओळखावे लागले, कारण त्या घरात तो विषय निघाला नव्हता. आपल्या घरांतून तो निघाला, तर पुढे कोणा अनोळखी परिचारकाचे काम सोपे होईल आणि आपल्या माणसांच्या खांद्यावरील ओझे हलके होईल.